बिनतिकिटाचं पाकीट

सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांना एका प्रकारच्या रुग्णांची काळजी लागून राहिली होती. तीव्र नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे इस्पितळात दाखल झालेली, थोडी सावरल्यावर घरी गेलेली आणि पुढचे उपचार नकोत म्हणून सांगणारी ही माणसं. ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नसत. येतच नाही त्याच्यामागे डॉक्टरने जायचं तरी कसं? १९६९ साली मोटोंनी एक अगदी स्वस्त उपाय करून बघायला घेतला. त्यांनी पत्रं पाठवायला सुरुवात केली.

पत्र दोन-तीन ओळींचं असे. तुम्ही इथून जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, दोन शब्द लिहावेसे वाटले तर आम्हाला आनंद होईल, असा काहीसा मजकूर. गोळ्या घेताय का, तपासणीला कधी येणार, ही विचारपूस त्यात नसे. उपदेश तर नसेच. इस्पितळात त्या रुग्णाशी जी व्यक्ती प्रत्यक्ष बोलली होती तिच्या नावाने ते जाई. प्रत्येक पत्र स्वतंत्र टाइप केलेलं. मागच्याची नक्कल वाटू नये म्हणून शब्द बदललेले. सोबत परतीचा पत्ता घातलेलं पाकीट असे, पण त्यावर तिकीट नसे. तिकीट लावलं की समोरच्याला वाटणार, आता उत्तर द्यायलाच हवं. ते ओझं मोटोंना नको होतं.

पहिले चार महिने दरमहा एक, पुढचे आठ महिने दोन महिन्यांनी एक आणि त्यानंतर चार वर्षं तीन महिन्यांनी एक, अशी पाच वर्षांत २४ पत्रं. उपचार नाकारणारे ८४३ जण होते. त्यांचे यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटाला पत्रं गेली, दुसऱ्याला गेली नाहीत. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मं राहिलं. पुढे पत्रांमधलं अंतर वाढलं तसा हा फरकही ओसरत गेला. मोटो आणि त्यांचे सहकारी ॲलन बोस्ट्रॉम यांनी सगळा हिशेब २००१ मध्ये छापला.

मोटोंना हे सुचलं ते कुठल्या ग्रंथातून नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक म्हणून युरोपात होते आणि मायदेशातली एक ओळखीची तरुणी त्यांना नेमाने पत्रं लिहायची. बदल्यात तिला काही नको होतं. आपण कुणाच्या तरी ध्यानात आहोत, एवढंच त्या पत्रांतून पोचायचं आणि तेवढ्यावर त्यांनी बरेच कठीण दिवस काढले. पुढे त्यांच्या रुग्णांचीही उत्तरं येऊ लागली. एकाने तर शिवी हासडून कळवलं, की इतका चिवट माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही, तेव्हा तुम्हाला खरंच माझी फिकीर असणार.

नंतरच्या प्रयोगांची गोष्ट इतकी सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये विष किंवा जास्तीच्या गोळ्या घेऊन दवाखान्यात आलेल्या ७७२ जणांपैकी निम्म्यांना वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली. त्या गटात पुन्हा तसं करण्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला मात्र याच धर्तीच्या प्रयोगातून फारसं काही निष्पन्न झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, इराणमधलं कराज, चीनमधलं युनचेंग आणि ब्राझीलमधलं कांपिनास इथे १८६७ जणांवर केलेली पाहणी २००८ साली आली. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या निम्म्या माणसांशी तासभर नीट बोलून मग दीड वर्षात नऊ वेळा फोनने किंवा घरी जाऊन संपर्क ठेवला. दीड वर्षाच्या शेवटी नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १८ जणांनी आत्महत्या केली होती, संपर्क ठेवलेल्या गटात दोघांनी.

हे सगळं डॉक्टर आणि संशोधक मंडळींचं झालं. पण त्यांनी केलं काय, हे पाहिलं तर ती कामं मित्राची आहेत. आठवण ठेवणं, अधूनमधून दार वाजवणं आणि उत्तर आलं नाही तरी रुसून न बसणं.

यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड, पण आधीची दोनही आपल्याला सहज जमत नाहीत. आपल्याकडे कुणाला हार्ट अटॅक आला की इस्पितळात शहाळ्यांची रांग लागते. बायपास करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांची इतकी गर्दी, की घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तोच माणूस मनोरुग्णालयातून परतला तर शेजारीही बिचकतात. यात भीती असते, लाजही असते. काय बोलायचं हेच कळत नाही, हे बहुतेक सगळ्यात मोठं कारण. घटस्फोट झालेल्या मैत्रिणीला लग्नाचं आमंत्रण द्यायचं की नाही, नोकरी गेलेल्या मित्राला ट्रेकला विचारायचं की नाही, यावर घराघरांत खल होतो. आणि ‘उगाच त्याला वाईट वाटायला नको’ म्हणून बहुतेकदा विचारलंच जात नाही.

आणखी एक कारण आहे, ते उघडपणे बोललं जात नाही. नैराश्यातल्या माणसाचा सहवास जड जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ साली काही विद्यार्थिनींना अनोळखी स्त्रियांशी फोनवर वीस मिनिटं बोलायला लावलं. पलीकडे कधी नैराश्याच्या रुग्ण होत्या, कधी इतर रुग्ण, कधी धडधाकट स्त्रिया. कोणाशी बोलतोय हे मुलींना माहीत नव्हतं. नैराश्याच्या रुग्णांशी बोललेल्या मुली फोन ठेवताना स्वतः खिन्न आणि थोड्या चिडलेल्या होत्या. या बाईशी पुन्हा बोलायला फारशा उत्सुकही नव्हत्या. म्हणजे मित्र दूर सरकतात तेव्हा ते सगळेच काही स्वार्थी नसतात. मात्र पलीकडचा माणूस हे सरकणं टिपतो आणि आपण नकोसे झालोय, ही त्याची खात्री पक्की होते. मग तोही फोन उचलेनासा होतो. इकडचा म्हणतो, ‘मी तीनदा फोन केला, त्याला गरज नाही तर मला काय पडलीय!’ वीस वर्षांची दोस्ती अशी दोन महिन्यांत विरते.

‘काही लागलं तर सांग हं’ हे वाक्य मनापासूनच म्हटलेलं असतं. पण ज्याला सकाळी दात घासायला उठणं डोंगराएवढं वाटतंय, त्याने आपल्याला काय लागतं हे ठरवायचं, कुणाला सांगावं हे ठरवायचं आणि मग भीड मोडून फोन करायचा. एवढं त्याला जमत असतं तर प्रश्नच नव्हता. त्यापेक्षा ‘रविवारी अकराला येतो, येताना भाजी आणतो, तुला बोलायचं नसेल तर मॅच बघू’ हे बरं. त्यात वेळ ठरलेली, काम ठरलेलं आणि गप्प बसायची मुभाही आहे. फोनवरच्या निरोपाचंही तसंच. ‘कुठे आहेस? काय चाललंय? कळव’ हे तीन तगादे झाले. ‘गच्चीवरच्या कुंडीत आज मोगरा फुलला, तुझी आठवण झाली, उत्तराची घाई नाही’ हे आजच्या काळातलं बिनतिकिटाचं पाकीट. असा निरोप पाठवताना अनेकांना संकोच वाटतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत दिसलं, की अचानक आलेल्या विचारपुशीने समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज पाठवणारे कमीच बांधतात. निरोप जितका अनपेक्षित, तितका घेणाऱ्याचा आनंद जास्त.

मित्राच्या अशा सोबतीने काय फरक पडतो, हे लंडनमध्ये मोजून पाहिलेलं आहे. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी सत्तरच्या दशकात कँबरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की मोठा आघात झाल्यावर सगळ्याच जणी नैराश्यात जात नाहीत आणि मनातलं सांगायला जवळचं माणूस असणं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. पुढे हॅरिस यांनी प्रश्न उलटा केला. असं माणूस नसेल तर ते पुरवता येईल का? दीर्घकाळ नैराश्यात असलेल्या ८६ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना एकेक स्वयंसेविका मैत्रीण म्हणून जोडून दिली. तिने आठवड्यातून किमान एक तास भेटायचं, ऐकायचं, जमलं तर सोबत बाहेर पडायचं. वर्षाअखेरीस मैत्रीण मिळालेल्यांपैकी ६५ टक्के बऱ्या झाल्या होत्या, तर वाट पाहणाऱ्या गटातल्या ३९ टक्के. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्या होण्याच्या सुमाराला पुष्कळ जणींच्या आयुष्यात काही नवी सुरुवात झालेली होती. नवी नोकरी, शिक्षणाला पुन्हा प्रवेश, दुरावलेल्या माणसाशी झालेला समेट. मैत्रिणीने ती सुरुवात करून दिली असं नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकताना कुणीतरी सोबत होतं.

याच लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याला हे योगायोगाने सापडलं होतं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपल्या चर्चमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. माणसं फोन करत, प्रत्यक्षही येत. व्हारा एकटा पुरा पडेना म्हणून काही स्वयंसेवक मदतीला आले. त्यांचं काम थांबलेल्या लोकांना चहा-कॉफी द्यायचं आणि दोन शब्द बोलायचं. थोड्याच दिवसांत व्हाराच्या लक्षात आलं, की बरेच जण चहा पिता पिता मन मोकळं करतात आणि त्याला न भेटताच हलके होऊन निघून जातात. पुढल्या फेब्रुवारीत त्याने ऐकण्याचं सगळं काम या चहावाल्यांच्या हाती सोपवलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. आपल्या हातचं काम शिपायांना जास्त चांगलं जमतं, हे इतक्या लवकर कबूल करणारा साहेब विरळा.

झिंबाब्वेतल्या डिक्सन चिबांडांची वाट अधिक कडवट होती. देशभरात मूठभर मानसोपचारतज्ज्ञ, त्यांतले ते एक. त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्या करून गेली. ती तपासणीला का आली नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिच्या आईने सांगितलं, की बसभाड्याला पंधरा डॉलर नव्हते. २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत चिबांडांच्या हाताशी ना डॉक्टर होते ना खोली. होत्या १४ आज्या, दवाखान्यासाठी वस्तीत फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या. त्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाकांवर बसवलं. सुरुवातीला बाकाचं नाव ‘मानसिक आरोग्याचं बाक’ असं होतं. आज्यांनीच बजावलं, की या नावाच्या बाकावर कुत्रं बसायचं नाही. मग ते ‘मैत्रीचं बाक’ झालं.

तिथे आजी आधी बोलू देते. सगळं बाहेर पडलं की त्यातली एकच अडचण निवडायला लावते. घरभाडं, नवऱ्याचं पिणं, एचआयव्हीची गोळी, मुलाची फी, काहीही. तीही आजीने निवडायची नाही, समोरच्याने. मग त्या एका अडचणीवर पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल ते ठरतं. अशा सहा भेटी. त्यानंतर बायकांचे गट भेटतात. जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्या कातरून क्रोशाने पिशव्या विणतात, विकतात आणि विणता विणता बोलतात. २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत हरारेतल्या २४ दवाखान्यांतले ५७३ जण होते. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणं शिल्लक होती. बाकावर बसलेल्यांत १४ टक्क्यांच्या आसपास.

आजीचं कसब त्या एका अडचणीत आहे. मित्रांची गाडी नेमकी इथे घसरते. एका बैठकीत नोकरी, लग्न, व्यायाम, आहार, विपश्यना असं सगळं आयुष्य मार्गी लावून देण्याची हौस आपल्याला भारी.

गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग या मैत्रीच्या बाकाच्याच जवळचा. तिथल्या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. ती स्थानिक माणसं होती, नीट प्रशिक्षण दिलेली. तीव्र नैराश्यातल्या रुग्णाला सहा ते आठ भेटींत ती हळूहळू कामाला लावत. मन लागेल तेव्हा करू म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी आधी करायच्या, मन मागून येतं, हे त्यामागचं तत्त्व. बाजारात जाणं, बहिणीला फोन, परसातली झाडं. तीन महिन्यांनी यातले ६४ टक्के सावरले होते आणि तुलनेच्या गटातले ३९ टक्के. आकडे हॅरिस यांच्या प्रयोगाशी इतके जुळतात की मोह होतो. पण देश वेगळे, आजाराची मोजणी वेगळी, त्यामुळे त्यात फार काही वाचू नये. मित्रासाठी यातून घेण्यासारखं मात्र आहे. ‘जरा बाहेर पड, मोकळ्या हवेत जा’ असं सोफ्यावर बसून सांगण्यापेक्षा ‘चल, चपला घाल, कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध घेऊन येऊ’ हे जास्त लागू पडतं.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू झाला तेव्हा त्यात गावातलीच माणसं घेतली. काही जण ‘मित्र’ : कोण गप्प झालंय, कोणाचं पिणं वाढलंय यावर लक्ष ठेवणारे. काही जण त्यापुढचं प्रशिक्षण घेतलेले, चार-सहा वेळा बसून बोलणारे. त्यांच्या हाती स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दिल्या होत्या. त्या दाखवल्या की बोलणं सोपं जायचं. आणि त्यांच्या कामात सरकारी योजनांचे अर्जही होते. विधवेला झोप लागत नाही, कारण पेन्शन अडलीय, हे गावातल्या माणसाला चटकन कळतं. शहरातल्या मित्रांनीही हे ध्यानात ठेवावं. पुष्कळदा मन मोकळं करण्याआधी गृहकर्जाच्या हप्त्याबद्दल बँकेत सोबत जाणं जास्त उपयोगाचं असतं.

पण मैत्रीने सगळं भागत नाही, हेही इथे स्पष्ट सांगायला हवं. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच आढळले. आजार आणि उपचार यांच्यातल्या या दरीच्या दोन्ही काठांवर कुटुंब आणि मित्र उभे असतात; काही जण हात धरून ओपीडीच्या रांगेत बसतात, तर काही ‘त्या गोळ्यांची सवय लागते, सोडून दे’ म्हणतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात आणि त्या एकाएकी बंद केल्या तर त्रास होतो. स्वतः डॉक्टर नसलेल्या मित्राने गोळ्यांबद्दल एकच बोलावं : ‘डॉक्टरला विचार, मी सोबत येतो.’

जिवाला धोका वाटत असेल तर सरळ विचारावं. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, ही भीती सर्रास आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २३४२ मुलांवर हे तपासून पाहिलं. २००५ साली आलेल्या त्या अभ्यासात प्रश्न विचारलेल्या मुलांचे असे विचार वाढले नव्हते. उलट आधीच खचलेल्या मुलांचा ताण थोडा कमीच झाला. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नये. कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या हाताशी राहू देऊ नयेत. शेतकरी घरात ही पहिली गोष्ट. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ या प्रश्नाला हो म्हणू नये. घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावं लागेल हे त्याच्यासमोरच म्हणावं, पाठीमागे करू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही. पोलीस केसच्या धास्तीने माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ मध्ये लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणं सरकारचं काम ठरलं. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

आता सोबत करणाऱ्याचं काय? कॉइन यांच्या विद्यार्थिनी वीस मिनिटांत कोमेजल्या होत्या. खरा मित्र सहा-सहा महिने तिथेच असतो. समॅरिटन्समध्ये पाळी संपलेला स्वयंसेवक ऐकलेलं सगळं पोटात घेऊन घरी जात नाही. आधी ते वरिष्ठ सहकाऱ्याशी बोलून टाकतो, मगच निघतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये काळजी घेणारे नातेवाईक एकमेकांना भेटतात. मित्रांच्या टोळक्याला संस्था लागत नाही. काम वाटून घेतलं की पुरतं. एकाने ओपीडीच्या तारखा सांभाळायच्या. एकीने बुधवारी डबा घेऊन जायचं आणि त्याच्या आईशी घटकाभर बोलायचं. एकाने बँक आणि ऑफिसची कागदपत्रं बघायची. आणि एकाकडे आजाराचा विषयच द्यायचा नाही. त्याने आपलं येऊन क्रिकेटवर वाद घालायचा.